गाठ सुटत होती डावीकडं, रोग होता उजवीकडं: पाचटाच्या बेलरचं एक प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातलं, कृष्णाकाठच्या ऊस पट्ट्यातलं. गावाचं नाव देत नाही, माणसांची पण नाहीत. ज्यांचं मशीन होतं त्यांना विचारूनच लिहितोय, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की "आमची फजिती लिही पण नाव नको." मी स्वतः अवजारं दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप चालवतो, त्यामुळं मी या गोष्टीत मध्येच घुसलोय, सुरुवातीला नव्हतो. आणि एक चूक माझी पण आहे, ती खाली येईलच.

पार्श्वभूमी

सात शेतकऱ्यांचा गट. त्यांनी अनुदानातून चौकोनी गठ्ठे बांधणारा छोटा बेलर घेतला, ५० एचपीचा ट्रॅक्टर गटातल्याच एकाचा होता. कल्पना सरळ होती. ऊस तुटून गेला की हेक्टरी ८ ते १० टन पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, रानात पडतं, आणि आपल्याकडं बरेच लोक अजून काडी लावून मोकळे होतात. ते पाचट गोळा करून गठ्ठे बांधायचे आणि साखर कारखान्याच्या कोजनच्या, म्हणजे वीज तयार करायच्या, बॉयलरला द्यायचे. शेतकऱ्याचं रान रिकामं, गटाला गठ्ठ्यामागं पैसे.

(पाचट रानातच कुजवावं का उचलावं हा वाद वेगळा आहे, त्यात मी इथं शिरत नाही. ज्याला कुजवायचंय त्याच्यासाठी टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत हे गणित विद्यापीठाचे लोक वर्षानुवर्षं सांगतायत. पण खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटणाऱ्या पिकाला, पाणी द्यायची घाई असते, मजूर मिळत नाहीत, मग काडी. जाळण्यापेक्षा गठ्ठा बरा, एवढं माझं मत.)

गटाचे प्रमुख, त्यांना अण्णा म्हणू. मशीन चालवणारा त्यांच्याच भावकीतला पोरगा, आयटीआय झालेला, हाताला चांगला पण धीर कमी. मशीन घेताना विकणाऱ्यानं सांगितलं होतं की दिवसाला ६ एकर आरामात होईल. ते गव्हाच्या भुसकाटाचं गणित असावं, उसाच्या पाचटाचं नव्हतं, हे नंतर कळलं.

मशीन नेमकं काय करतं

हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून थोडक्यात. पुढं पिकअप असतो, त्याला स्प्रिंगचे दात, ते पाचट उचलून वर आणतात. तिथून फीडरचे काटे ते पाचट आडवं ढकलत चेंबरमध्ये घालतात, आपल्या या मशीनला उजवीकडून डावीकडं. चेंबरमध्ये प्लंजर पुढंमागं होतो, मिनिटाला साधारण ९० ठोके. प्लंजर मागं गेला की फीडर एक घास आत भरतो, प्लंजर पुढं आला की तो घास दाबतो. आता हा घास काय मोजून मापून आत जात नाही, त्याची शेपटं बाहेर पिकअपकडं लोंबत राहतात. ती कापायला प्लंजरच्या उजव्या कडेला एक उभं पातं असतं आणि चेंबरच्या तोंडाला एक स्थिर पातं. दोन्ही एकमेकांना चाटून जातात आणि शेपूट कातरतात.

म्हणजे सरळ अडकित्ता. अडकित्त्याची दोन पाती एकमेकांना चिकटून गेली तर सुपारी कातरते, मध्ये फट पडली की चुरा होतो, हात दुखतो आणि सुपारी तशीच. हा अडकित्ता डोक्यात ठेवा.

असे १४-१५ घास साचले की एक गठ्ठा होतो, सुया खालून दोऱ्या आणतात, वर दोन नॉटर असतात, एक डावा एक उजवा, ते गाठ मारतात आणि गठ्ठा मागं सरकतो. बाकी फ्लायव्हीलला, म्हणजे फिरताना ताकद साठवणाऱ्या जड चाकाला, शिअर बोल्ट असतो, लोड फार झाला की तो तुटतो आणि मशीन वाचतं. तो तुटायसाठीच केलेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण या प्रकरणात ते कुणाच्याच लक्षात नव्हतं.

अडचण

नोव्हेंबरच्या मध्याला काम चालू झालं. पहिला आठवडा बरा गेला. नंतर एकामागं एक सुरू झालं. शिअर बोल्ट दिवसाला ५ ते ७ तुटायला लागले, प्रत्येक बोल्टला पाऊण तास, कारण नुसता बोल्ट घालून भागत नाही, आत अडकलेलं पाचट हातानं ओढून काढावं लागतं. १०० गठ्ठ्यांतले १२-१५ गाठ सुटून विस्कटायचे. जे टिकायचे ते केळ्यासारखे वाकडे, ट्रॉलीत रचले की थप्पी एका बाजूला कलायची. एक ट्रॉली कारखान्याच्या रस्त्यावर वळणात निम्मी सांडली, पोलीस पाटलांनी येऊन उचलायला लावली, त्या दिवसाचा धंदा तिथंच संपला.

दिवसाला ६ एकर सोडा, २ एकर होत नव्हते. आणि मागं शेतकरी उभे, "पाणी सोडायचंय, कधी उचलताय?" उशीर झाला की खोडव्याचे कोंब वर येतात आणि मग चाकाखाली जातात. त्यामुळं लोकांचं तोंड बंद करायला जे सुचेल ते करत गेले.

पहिला निर्णय: नॉटर

गाठ सुटतीये म्हणजे नॉटर खराब, असं सगळ्यांचं एकमत झालं. विक्रेत्याचा मेकॅनिक चार फोननंतर आला, त्यानं डावा नॉटर उघडला, दोन पार्ट बदलले, दोरी बदला म्हणाला, बिल दिलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी मशीन झकास चाललं, तिसऱ्या दिवशी पण. सगळे खूश.

चौथ्या दिवशी परत तेच, परत डावीकडचीच गाठ.

इथं एक गंमत आहे जी तेव्हा कुणी पाहिली नाही. ते दोन चांगले दिवस ज्या रानात गेले ते तिसऱ्या खोडव्याचं रान होतं, ऊसच विरळ, पाचट पातळ. चौथ्या दिवशी लागणीच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, दाट उसात गेले. म्हणजे फरक नॉटरनं पडला नव्हता, रानानं पडला होता. पण एकदा का "पार्ट बदलला आणि चाललं" असं मनात बसलं की माणूस पुन्हा त्याच पार्टवर संशय घेतो. त्यांनी डावा नॉटर आणखी एकदा उघडला. नवा नॉटर, नवी दोरी आणि तरी डावीच गाठ सुटते, हे खरं तर सगळ्यात मोठं सूचक होतं. मलाही ते लगेच कळलं असतं असं मी म्हणणार नाही.

दुसरा निर्णय: पोलादी बोल्ट

हा सगळ्यात महागात पडलेला. पोरगा बोल्ट बदलून बदलून वैतागला होता, त्यानं बाजारातून हाय टेन्साइल बोल्ट आणले, मशीनच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा पक्के. "आता बघू कसा तुटतो." आणि खरंच दोन दिवस एक पण बोल्ट तुटला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ठप्प आवाज झाला आणि मशीन थरथरायला लागलं. फ्लायव्हीलच्या हबचं, म्हणजे मधल्या भागाचं, बोल्टाचं भोक अंड्यासारखं लांबट झालं होतं. हब काढून लेथवर नेला, भरून, परत बोअर करून बसवेपर्यंत तीन दिवस गेले. वर मामांनी, म्हणजे लेथवाल्यांनी, पोराला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण मथितार्थ असा की घरातला फ्यूज उडतो म्हणून कुणी तिथं खिळा ठोकतं का.

तिसरा निर्णय: ॲक्सिलेटर कमी

हब नीट झाल्यावर पोरगा घाबरला आणि मशीनला त्रास नको म्हणून ॲक्सिलेटर कमी ठेवून चालवायला लागला. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमागचा मशीनला ताकद देणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी फिरायला पाहिजे, हा ४०० च्या आसपास ठेवायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण उलटं आहे. फ्लायव्हीलमध्ये साठणारी ताकद वेगाच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होते, ५४० चा ४०० केला तर ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे जिथं पातं शेपूट कापायला जातं नेमकं तिथंच फ्लायव्हील दमलेलं. हळू जायचंच असेल तर गिअर खालचा टाकायचा, पीटीओचा वेग तसाच ठेवायचा. हे मी पोराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण दादा, आवाज लय होतो हो." आवाज होणारच.

मी तिथं गेलो तेव्हा

अण्णांचा फोन आला तेव्हा डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. "एकदा येऊन बघ बाबा, नाहीतर हे विकून टाकतो." मी गेलो तर सगळे मला नॉटर दाखवायला लागले. मी म्हणलं आधी गठ्ठा दाखवा.

एक गठ्ठा घेतला, दोऱ्या कापल्या आणि उलगडला. चांगला गठ्ठा पुस्तकाच्या पानांसारखा सुटतो, एकेक घास म्हणजे एकेक पदर वेगळा होतो. मोजायचं. आपल्या तीन फुटी गठ्ठ्यात १४-१५ पदर यायला पाहिजेत, म्हणजे एकेक ६ सेंटिमीटरच्या आसपास. इथं निघाले ७. आणि ते पण सुटे नाहीत, एकमेकात गुंतलेले, ओढले की दोन-तीन एकत्र येत होते. म्हणजे एक, घास फार मोठे जातायत. दोन, घासाचं शेपूट कापलं जात नाही, ते पुढच्या घासात ओढलं जातंय.

मग गठ्ठ्याची उजवी बाजू बघितली, जी पात्याची बाजू. ती कात्रीनं कापल्यासारखी सपाट दिसायला पाहिजे. इथं दाढी वाढल्यासारखी, पानं चिरलेली, चघळलेली, काही अख्खीच दुमडून आत गेलेली. डावी बाजू बोटानं दाबली तर बोट आत जातंय. उजवीकडं गच्च, डावीकडं पोकळ, म्हणून गठ्ठा डावीकडं वाकतोय, म्हणून डावी दोरी ढिली, म्हणून डावी गाठ सुटते. नॉटर बिचारा बरोबर गाठ मारत होता, त्याला ताणच मिळत नव्हता.

अण्णा शांतपणे म्हणाले, "म्हणजे पायात काटा आणि आम्ही डोक्याला बाम लावतोय."

मग ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट काढून बाजूला. (हे करायचंच. फ्लायव्हील जड असतं, पीटीओ बंद केल्यावर पण प्लंजर काही ठोके मारत राहतो. पोरगा आधी चालू मशीनमध्ये अडकलेलं पाचट ओढायचा, त्याचा शर्टाचा कफ एकदा काट्यात गेला होता हे त्यानं मला नंतर सांगितलं, घरी अजून माहीत नाही.) फ्लायव्हील हातानं फिरवून दोन पाती समोरासमोर आणली आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घातला. पुस्तकात फट पाऊण मिलीमीटरच्या आत सांगितलेली. वरच्या टोकाला जेमतेम एक मिलीमीटर, खालच्या टोकाला अडीच. पात्याला धार अशी नव्हतीच, कड गोल झालेली, आणि मध्यावर करंगळीच्या नखाएवढा खवका. तो खवका कशाचा ते कळायला वेळ लागला नाही, रानात फिरलो तर पाचटात उसाची कांडकी, मधेच अख्खे ऊस, वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, बांधलेले भारे. टोळीनं तोडताना राहिलेलं सगळं या मशीनच्या तोंडात जात होतं.

उसाच्या पाल्यात मुळातच सिलिका भरपूर, त्यामुळं धार लवकर जाते. त्यात पिकअप इतका खाली की दात मातीतून नांगरत चाललेले, जमिनीच्या अंदाजानं वरखाली व्हायला जे छोटं चाक असतं ते तारेनं वर बांधून टाकलेलं. का? तर "सगळं पाचट उचललं पाहिजे म्हणून." माती, खडे, बुडख्याची मुळं सगळं आत. ती माती प्लंजरच्या रुळांवर जाऊन रूळ आणि बेरिंग खाल्लेली, प्लंजर हलतोय, म्हणून फट खाली जास्त आणि वर कमी.

पर्याय काय होते

त्या संध्याकाळी अण्णांच्या ओट्यावर बसून बोललो. पोराचं मत, हे विकून रोटरवाला मोठा बेलर घेऊ, ज्यात फीडच्या जागी फिरता रोटर आणि त्यात पात्यांची रांग असते, माल आत जाता जाताच तुकडे होतो. मशीन चांगलं आहे यात वाद नाही. पण किंमत कितीतरी पट, ५० एचपीला ते झेपत नाही, आणि मातीनं एक जोडी पाती जिथं टिकत नाहीत तिथं पात्यांची रांग कोण सांभाळणार?

दुसरा पर्याय, आधी रानात पाचट कुट्टी फिरवायची आणि मग बेलिंग करायचं. यात डिझेल डबल, बारीक झालेला निम्मा माल पिकअपच्या दातातून खाली गळतो आणि जो आत जातो त्याचा गठ्ठा भुसभुशीत होतो. रानातच कुजवायचं असेल तर कुट्टी उत्तम, गठ्ठ्यासाठी नाही.

तिसरा, धंदाच बंद. हे अण्णांनी एकदाच बोलून दाखवलं आणि चहा मागवला, म्हणजे तो विषय संपला असं मी समजलो.

राहिला चौथा, आहे तेच मशीन मुळापासून लावायचं. ठरलं ते हेच, आणि माझी अट एकच होती की एका वेळी एकच बदल करायचा, अर्धा एकर चालवायचं, गठ्ठा फोडून पदर मोजायचे आणि वहीत लिहायचं. वही म्हणजे पोराची जुनी आयटीआयची जर्नल, उरलेली पानं.

काय केलं, आणि माझी चूक

पहिलं पातं. आणि इथंच मी माती खाल्ली. घाई होती, दुसऱ्या दिवशी सकाळी रान ठरलेलं, म्हणून मी पातं काढून हातग्राइंडरवरच धार लावली. धार दिसायला अशी चकचकीत की दाढी व्हावी, पण कडेला निळा रंग चढला होता आणि मी तो बघून न बघितल्यासारखं केलं. निळं झालं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. सकाळी दोन तास मशीन मस्त कापत होतं, दुपारपर्यंत धार परत बसली. शिवाय प्लंजर हलताच होता, मी फट फक्त पात्यामागं पत्री घालून कमी केली होती, प्लंजर जरा खाली बसला की पाती एकमेकांवर आपटायची. वहीत त्या दिवसासमोर पोरानं लिहिलंय "दादांचा प्रयोग फेल". बरोबर लिहिलंय.

मग नीट केलं. मामांच्या लेथला सरफेस ग्राइंडर आहे, त्यावर पाणी सोडत सोडत नवी जोडी घासून घेतली, जुनी टाकून दिली. प्लंजर बाहेर काढला, खालची दोन बेरिंगं बदलली, रुळाची पट्टी शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून सरळ केली आणि मग फट लावली, वर अर्धा, खाली अर्धा. दीड दिवस गेला. हे काम आधी करायला पाहिजे होतं, धार नंतर.

अर्धा एकर चालवलं. उजवी बाजू कापल्यासारखी सपाट आली, हात फिरवला तर झाडूच्या बुंध्यासारखी लागते तशी. शिअर बोल्ट दिवसभरात दोन. पण पदर अजून ८-९ आणि गठ्ठा अजून थोडा वाकडा. म्हणजे कापण्याचं निम्मं झालं, भरण्याचं बाकी.

दुसरं, ओळ. पाचट रेकनं ओढून ओळी करायचे, पण पोरगा रेक दोन-दोन तीन-तीन वेळा फिरवायचा, म्हणजे मोठी ओळ, कमी फेऱ्या. चाकांचा रेक जास्त वेळा फिरवला की पाचटाला पीळ बसतो, दोरखंड तयार होतो, आणि तो दोरखंड पिकअपमध्ये सलग जात नाही, गठळ्या-गठळ्यांनी जातो. एक गठळी आली की फीडर गच्च, पुढच्या घासाला काहीच नाही. मग ओळ एकदाच आणि पातळ करायची, पिकअपच्या रुंदीत मावेल एवढी, असं ठरलं. पोराला हे पटेना, "फेऱ्या वाढतील, डिझेल जाईल." फेऱ्या वाढल्याच. पण थांबणं कमी झालं आणि संध्याकाळी हिशोब केला तर एकर जास्त निघाले, तेव्हा गप बसला.

तिसरं, फीडरचे काटे. त्यांना दोन-तीन भोकं असतात, काटा किती आतपर्यंत ढकलणार ते तिथून ठरतं. दाट ओळीत काटे आखूड चालतात, पातळ ओळीत लांब ढकलावं लागतं, नाहीतर माल डाव्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. ओळ पातळ केली, काटे मात्र मशीन कंपनीतून आलं तेव्हा होते तसेच, त्यामुळं गठ्ठा परत डावीकडं पोकळ. एक भोक पुढं सरकवलं. दोन नटांचं काम, दहा मिनिटं. आणि गठ्ठा सरळ झाला. इतक्या दिवसांची भानगड आणि शेवटचा तुकडा दहा मिनिटांचा, अण्णा हसायलाच लागले.

चौथं, पिकअपची उंची. तारेत बांधलेलं चाक सोडलं आणि दात जमिनीपासून तीनेक इंच वर घेतले. हे तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सोपं आणि माणसांच्या दृष्टीनं सगळ्यात अवघड. रानात अंदाजे पाव हिस्सा पाचट मागं राहायला लागलं आणि पहिल्याच शेतकऱ्यानं बांधावर उभं राहून दम दिला, "अर्धवट काम करून जाताय होय? मग मी काडीच लावली असती की." अण्णांनी त्यांना वाकून मागचं रान दाखवलं, बुडखे जागेवर, कोंब शाबूत, आणि शेजारच्या रानात आधीच्या पद्धतीनं उचललेलं तिथं दातानं उपटलेले बुडखे. राहिलेलं पाचट ओल धरेल, सरीत ओढून घ्या म्हणाले. ते गृहस्थ पटले की नाही माहीत नाही, पण पैसे दिले. कारखान्याकडून मात्र फायदा झाला, कारण मातीचे गठ्ठे म्हणून आधी वजनात घट धरायचे ती जवळजवळ थांबली. म्हणजे इतके दिवस माती उचलून, पातं खाऊन, ती माती ट्रॉलीनं नेऊन वर तिची घट सोसत होतो.

टोळीच्या मुकादमाशी पण बोलणं झालं, कांडकी आणि वाढ्यांचे भारे बांधाला टाकायचे. हे चार दिवस पाळलं गेलं, पाचव्या दिवशी टोळी बदलली. शेवटी रेकच्या पुढं एक माणूस चालत ठेवला, कांडकी वेचायला. यांत्रिकीकरणात माणूस वाढला, काय करणार.

निकाल

जानेवारीपासून सीझन संपेपर्यंत दिवसाला सव्वाचार-साडेचार एकर पडले. शिअर बोल्ट दोन दिवसाला एखादा, आणि तो पुस्तकातलाच. सुटलेले गठ्ठे १०० त २-३. पदर १३ ते १५. गठ्ठा साधारण १८ ते २० किलोचा, आधी १४ पण यायचा आणि २४ पण.

६ एकर कधीच झाले नाहीत. ते होणार पण नाहीत, सरी-वरंब्याच्या रानात बेलर उड्या मारत जातो.

आणि सगळंच काही सुटलं असं नाही. पहाटे दव पडलेलं असताना पाचट चामड्यासारखं होतं, कितीही धार असो कापत नाही, त्यामुळं दहाच्या आधी मशीन चालू करायचं नाही असा नियम केला, तो पोरानं दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा बोल्ट तुटला. फेब्रुवारी सरताना उलटं, पाला इतका कोरडा की पिकअपवरच चुरा होतो, धूळ उडते, गठ्ठा हलका. त्या दिवसांत बेरिंग तापून आग लागायची भीती असते म्हणून ट्रॅक्टरवर पाण्याचा कॅन आणि आग विझवायचा सिलिंडर ठेवायला लागलो, वापरायची वेळ आली नाही.

परत करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी गठ्ठा फोडून बघितला असता तर पंचवीस दिवस आणि हबचा खर्च वाचला असता. गाठ सुटली की नॉटरकडं बघायचं हे साहजिक आहे, पण नॉटर रांगेत शेवटी आहे, त्याच्याआधी चार जण माल बिघडवून पुढं पाठवू शकतात. रेक, पिकअप, फीडर, पातं, मग नॉटर, याच क्रमानं बघायचं असं आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

मेकॅनिकनं पार्ट बदलल्यावर ज्या रानात मशीन बिघडलं होतं त्याच रानात परत चालवून बघायला पाहिजे होतं. पातळ रानात कुठलंही मशीन चालतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर धार लावायच्या आधी प्लंजरला हात लावून हलवून बघायचा होता, पाच सेकंदांचं काम. आणि पात्याची एक तयार जोडी सुरुवातीपासून जवळ पाहिजे, म्हणजे घाईत ग्राइंडर हातात घ्यावा लागत नाही. आता ते दर हजार-बाराशे गठ्ठ्यांना जोडी बदलतात, एक मशीनवर एक मामांकडं.

एका गोष्टीवर मात्र अजून आमचं एकमत नाही. मी म्हणतो चारपैकी चारही बेरिंगं आणि रूळ या पावसाळ्यात बदलून टाका, कारण मार्चमध्ये मोजलं तेव्हा खालची फट परत पाऊणच्या वर गेली होती. अण्णा म्हणतात खालची दोनच बदलू, वरची चालतायत, आणि त्या पैशात रेकची वाकलेली चाकं करून घेऊ. परवा फोनवर अर्धा तास यावरच भांडलो. पोरानं तेवढ्यात फिलर गेज घरातल्या कपाटात ठेवून दिलाय, हरवू नये म्हणून, आणि कपाटाची किल्ली कुठं ठेवली ते आठवत नाही म्हणतोय.